पोकलेन बोलावण्याआधी तळ्याच्या काठाने एक चक्कर

तुम्ही विचारलंय ते नागपूरच्या उमरेड रोडकडच्या तुमच्या गावच्या आठ एकरांच्या तळ्याबद्दल. लहानपणी हिवाळ्यात ते बदकांनी भरायचं. आता तीन बाजूंनी लेआउट पडलेत, पाणी हिरवं झालंय, अर्ध्यावर जलपर्णी पसरलीय आणि ग्रामपंचायतीला सौंदर्यीकरणाचा निधी मिळालाय. आराखड्यात सगळीकडे सारखी पंधरा फूट खोली, चारही बाजूंनी दगडी पिचिंग, भोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आणि मधोमध कारंजं आहे. यातलं काय होऊ द्यावं आणि पाखरं परत आणायची तर सुरुवात कुठून करावी, हा तुमचा प्रश्न.

ट्रॅक पाळीवर, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधावर, होऊ द्या, एकाच बाजूला. बाकीचं निदान एक वर्ष थांबवा. निधी परत जाईल म्हणून सरपंच घाई करतील, ते स्वाभाविक आहे. त्यांना देण्यासारखी दुसरी कामं मी पुढे सांगतो. पंचवीस वर्षं विदर्भातली तळी आणि बोड्या (छोटी तळी) पाहतोय. तळी मेलेली पाहिली ती बहुतेक सांडपाण्याने आणि अतिक्रमणाने. पण दुरुस्तीच्या नावाखाली मेलेलीही काही कमी नाहीत, आणि त्या सगळ्यांचा काठ आधी गेला होता.

काठ म्हणजे काय ते आधी आकड्यांत बघा. चिखल्या आणि तुतारी ही बारकी पाखरं बोटभर पाण्यात चरतात. शेकाट्याचे पाय लांब, त्याला वीतभर चालतं. थापट्या, तलवार बदक ही मंडळी पाण्यात डोकं खुपसून शेपूट वर करून खातात. मान पोचेल तितकंच त्यांचं शेत, म्हणजे फूट-सव्वा फूट. बुडी मारणारी लालसरी खोलात जाते, तरी तिलाही तळाशी वनस्पती लागते, आणि गढूळ पाण्यात पंधरा फुटांवर ऊन पोचत नाही, म्हणून तिथे काही उगवत नाही. आता तुमचं आठ एकरांचं तळं गोल धरा. परीघ साधारण सव्वासहाशे मीटर. काठाचा उतार दहाला एक असेल, म्हणजे दहा फूट आत चालल्यावर पाणी फूटभर चढत असेल, तर एक फुटापर्यंतच्या उथळ पाण्याचा पट्टा जवळपास अर्धा एकर भरतो. तिथेच दीडाला एक उताराचं पिचिंग केलं की तो पट्टा तीन हजार स्क्वेअर फुटांवर येतो. आपल्या नागपुरी हिशोबात पंधराशेचे दोन प्लॉट. एवढ्यात किती बदकं जेवणार?

आणि हा पट्टा एका जागी थांबत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. दहाला एक उतारावर रोज दहा सेंटीमीटर रुंदीचा ताजा, ओला, किड्या-अळ्यांनी भरलेला चिखल उघडा पडतो. परतीच्या वाटेवरचे तुतारी-चिखले मार्च-एप्रिलमध्ये याच चिखलावर उतरतात. लोकांना तळं आटलेलं दिसतं आणि ते टँकरने किंवा बोअरने भरायला धावतात. नका भरू. पाणी चढणं-उतरणं हा उथळ तळ्याचा श्वास आहे. वर्षभर एकाच पातळीवर काठोकाठ भरलेलं तळं फोटोत छान दिसतं, पाखरांना तिथे उभं राहायला जागा नसते.

भंडाऱ्याकडच्या एका ढीवर (मच्छीमार) म्हाताऱ्याने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. नवीन खोदलेल्या तलावाच्या पाळीवर बसून म्हणाला, "भाऊ, तुमी तं सारं तळं ढोलीवानी करून टाकलं. मासोळी अंडे कुठं देईन जी?" मरळ काठच्या गवतात घरटं करते. काठ गेला की मरळ गेली, आणि मरळीमागे येणारा बगळाही गेला.

गाळ काढूच नये असं मी म्हणत नाही. काढावा, पण कुठला आणि किती ते ठरवून. नाला जिथे तळ्यात शिरतो तिथला ताजा गाळ काढा, कारण घाण सगळ्यात जास्त तिथेच साठते. पाळीजवळ, तळ्याच्या पाचव्या हिश्शात, आठ-दहा फुटांचा डोह ठेवा. मे महिन्यात मासे तिथे जगतात. पाळीच्या समोरचा आणि एका बाजूचा उथळ भाग हात न लावता सोडा. त्या चिखलात वनस्पतींचं बी वर्षानुवर्षं पडून असतं, आणि ते टिप्परमध्ये भरून दिलं तर परत मिळत नाही.

इथे माझी एक फजिती सांगतो. उमरेडच्या बाजूला एका बोडीचं काम माझ्या देखरेखीत होतं. पोकलेनवाला तासावर होता आणि मी दोन दिवस बाहेरगावी. आलो तर त्याने काळ्या मातीचा थर ओलांडून खाली मुरूम उघडा पाडलेला. "साहेब, चांगलं खोल झालं नं," असं अभिमानाने म्हणाला. पूर्वी मार्चपर्यंत टिकणारी बोडी पुढच्या जानेवारीत कोरडी पडली. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर बसलंय, पश्चिमेला बेसॉल्ट आणि पूर्वेला जुना पट्टिताश्म. दोन्हीकडे वरचा झिजलेला मुरूम पाणी पितो. तळ्याच्या बुडाशी बसलेली चिकट मातीची साय हीच त्याची टाकी असते. म्हणून खोदण्याआधी आठ-दहा ठिकाणी हाताने खड्डे घेऊन ती साय कुठवर आहे ते बघा, आणि तिच्यावर निदान फूटभर गाळ सोडून थांबा. निघालेला गाळ शेतकरी नेतील. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७पासून त्यासाठीच आहे. लेआउटजवळच्या गाळात काच, सिरिंज, प्लास्टिक निघतं, ते चाळल्याशिवाय शेतात जाऊ देऊ नका.

आता खरा शत्रू, सांडपाणी. तळं हिरवं का होतं याचं उत्तर बहुतेक वेळा फॉस्फरसमध्ये असतं. माणसाच्या शरीरातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. तुमच्या लेआउटमधली दीडशे घरं नाल्याला जोडलेली धरा, सहाशे माणसं: रोज नऊशे ग्रॅम. तळ्याची सरासरी खोली दीड मीटर धरली तर पाणी पावणेपाच कोटी लिटरच्या आसपास. म्हणजे दर लिटरमागे रोज १९ मायक्रोग्रॅमची भर. उथळ तळ्यात लिटरमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पाणी स्वच्छ राहणं फार कठीण. पाच-सहा दिवसांत तुम्ही तिथे पोचता. अर्धा भाग सेप्टिक टँकमध्ये अडकतो असं मानलं तरी अकरा दिवस. डिटर्जंटचं तर मी धरलेलंच नाही. हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर करून दाखवा; कारंज्याची बाजू घेणाऱ्याची बोलती बंद होते. कारंजं हवा मिसळतं, फॉस्फरस काढत नाही.

उपाय दोन. पहिला आणि खरा उपाय म्हणजे सांडपाणी तळ्यात येऊच न देणं: काठाने बंद गटार टाकून ते पाळीच्या खाली वळवणं आणि तिथे शुद्ध करणं. निधी खर्च करायची सर्वांत चांगली जागा ही. दुसरा, नाल्याच्या तोंडाशी गाळ बसवायची टाकी आणि तिच्यापुढे गिट्टीचा, कर्दळ-पानकणीस लावलेला वाफा. आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 'फायटोरिड' नावाने हीच पद्धत बसवलीय. आपल्या हवेत माणशी दीड-दोन चौरस मीटर वाफा धरून चाला. सहाशे माणसांना पाव एकर लागतो. दुर्गंधी, अमोनिया, जंतू यांवर तो चांगला चालतो. फॉस्फरसवर मात्र त्याचा भरवसा धरू नका, कारण गिट्टी काही वर्षांत भरून जाते. म्हणून मी दोन्ही सांगतो, आणि एकच जमत असेल तर पहिलाच.

सांडपाणी बंद केल्यावर पाणी पुढच्याच हिवाळ्यात काचेसारखं होईल अशी आशा धरू नका. इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये 'ब्रॉड्स' नावाची उथळ तळी आहेत. जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या आपल्या मालगुजारी तलावांसारखी तीही माणसांनीच केलेली, फक्त नकळत: मध्ययुगात जळणासाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) खणलं, खड्डे राहिले, पाणी भरलं. १९५०च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी ते उजेडात आणेपर्यंत सगळे ती नैसर्गिकच समजत होते. तिथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला लागले, तरी पाणी बराच काळ हिरवंच राहिलं, कारण तळाचा चिखल आधी साठवलेला फॉस्फरस परत सोडत होता. मग १९८२मध्ये कॉकशूट नावाचं एक तळं बांध घालून नदीपासून तोडलं आणि त्यातला चिखल उपसला, तेव्हा पाणवनस्पती परत दिसल्या, आणि पुढे तिथेही त्यांचा चढउतार चालू राहिला.

त्यांच्याकडून दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे ती अशी की उथळ तळ्याच्या दोनच तब्येती असतात. एक, पाणी नितळ आणि तळाशी वनस्पतींचं रान. दुसरी, पाणी हिरवं आणि तळ उघडा. मधे फार काळ ते टिकत नाही. वनस्पती असल्या की त्या गाळ धरून ठेवतात, शेवाळाचं खाद्य खातात, पाणी आणखी नितळ होतं. त्या गेल्या की वारा आणि मासे गाळ ढवळतात, ऊन खाली पोचत नाही, आणि मग त्या परत येत नाहीत. एका बाजूने दुसऱ्या बाजूला ढकलायला जोर लावावा लागतो.

हे माहीत नसल्यामुळे जलपर्णीच्या मोहिमा फसतात. दोनशे स्वयंसेवक, टी-शर्ट, फोटो, एका रविवारी तळं मोकळं. आणि महिनाभरात तेच पाणी हिरव्या रस्स्यासारखं. जलपर्णी जे खात होती ते आता शेवाळ खातं. काढा जरूर, कारण प्रत्येक ट्रॉलीबरोबर थोडा फॉस्फरसही बाहेर जातो. दाट वाढलेल्या एका एकरात शंभर टनांच्या वर ओला पाला निघतो, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. तेव्हा आधी पाळीवर दोन दिवस निथळू द्या, मग उचला, पण पावसापूर्वी उचलाच. काठावर सडू दिला तर सगळं परत पाण्यात. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम, पाणी कमी असतं तेव्हाचा. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, आणि पाणी उतरल्यावर उघड्या चिखलावर ते रुजतं. म्हणून पुढची तीन-चार वर्षं मे-जूनमध्ये दोन माणसं लावून रोपं हाताने उपटायचं काम ठरलेलं. मोठ्या मोहिमेचे पैसे मिळतात, या दोन माणसांच्या मजुरीचे मिळत नाहीत, हे मी खूप ठिकाणी पाहिलं.

काठावर माजणाऱ्या बेशरम झुडपाचंही तसंच. कापून काठावर टाकलेला तुकडा मुळं धरतो. मुळासकट उपटून कोरड्या जागी वाळवायचं. पानकणीस मात्र पूर्ण काढू नका, जांभळी पाणकोंबडी त्यातच घर करते. पसरायला लागलं तर पाण्याखाली कापा: मुळाला हवा पोचवणाऱ्या नळ्या बुडाल्या की ते आपोआप कुजतं.

काढलं तिथे लावायला हवं. पावसाचा गाळ बसून पाणी निवळतं तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गुडघाभर पाण्यात हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींचे झुबके लावा, भोवती बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण घालून, नाहीतर मासे आणि म्हशी आठवड्यात संपवतात. कुमुदाचे कंद, शिंगाडा, काठाला देवधान. रोपं जवळच्याच चांगल्या तलावातून आणा, नर्सरीतून नाही. भंडाऱ्यात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा'ने ढीवर लोकांबरोबर हे काम बरीच वर्षं केलंय. आधी बेशरम काढणं, मग स्थानिक पाणवनस्पती लावणं. जमलं तर दोन दिवस जाऊन बघून या, माझ्या दहा पानी उत्तरापेक्षा ते बरं.

मासे. तुमच्या तळ्यात कोणी सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प) किंवा तिलापिया सोडलाय का, ते आधी विचारा. सायप्रिनस तळ उकरतो, गवत्या लावलेलं सगळं खातो, तिलापिया सगळ्यांना हुसकावतो. युरोपात छोटे मासे काढून जलपिसू नावाच्या पाण्यातल्या बारीक जिवांना वाढू देतात आणि ते पिसू शेवाळ फस्त करतात. आपल्याकडे तो डाव फारसा लागत नाही. छोटे मासे वर्षातून अनेकदा वीण घालतात, मोठे जलपिसू मुळातच कमी. त्यापेक्षा मरळ वाढवा, ती छोट्या माशांवर जगते आणि बाजारात भावही देते. पण तळं मच्छीमार संस्थेला ठेक्याने दिलं असेल तर हे सगळं त्यांच्याशी बसून ठरवा. त्यांना बाजूला ठेवून केलेलं कोणतंच काम दोन वर्षांपुढे टिकलेलं मी पाहिलं नाही. डासांसाठी गप्पी मासे आणून टाकायचीही गरज नाही, देशी बारके मासे डासांच्या अळ्या खातातच.

म्हशी हाकलू नका. भरतपूरच्या केवलादेवमध्ये १९८२मध्ये चराई बंद केली, आंदोलन झालं, गोळीबारात माणसं मेली. आणि नंतर बीएनएचएस या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या दहा वर्षांच्या अभ्यासात काय निघालं? म्हशी गेल्यावर एका जातीचं गवत इतकं माजलं की पाण्याचा मोकळा भाग बुजला आणि पाणपक्ष्यांचं नुकसान झालं. वीस-पंचवीस म्हशी ठरावीक बाजूने उतरू द्या. त्यांच्या खुरांच्या खळग्यांत चिखल्यांचं जेवण असतं. कुत्री मात्र अंतरावर हवीत. टिटवी आणि शेकाट्या जमिनीवर अंडी घालतात. त्यासाठी डोहापलीकडे मुरमाचा एक सखल उंचवटा करा, त्यावर दोन-तीन बाभळी, आणि मार्चमध्येही भोवती पाणी राहील असा. त्यावर झेंडा, पुतळा, दिवे काही नको.

पाळ आणि सांडवा ही गमतीची बाब नाही. २०२३च्या सप्टेंबरात एका रात्रीच्या पावसाने नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते तुम्हीही पाहिलं असेल. तुमचं तळं लहान आहे, पण त्याच्या खाली आता घरं आहेत. सांडव्यासमोर भिंत, गेट, जाळी काही येऊ देऊ नका, आणि पाळीवर पिंपळ-वड रुजले असतील तर लहान असतानाच काढा. झाडीपट्टीत तुडूम म्हणतात ती पाणी सोडायची जुनी मोरी तुमच्याकडे असेल तर ती दुरुस्त करून घ्या. पाणी हळूहळू उतरवायचा तुमच्या हातातला तोच एक उपाय आहे.

कायद्यावर फार विसंबू नका. पाणथळ जागांचे २०१७चे नियम पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतूनच वगळतात, आणि आपली बहुतेक तळी त्यातच बसतात. त्याऐवजी तळं कोणाच्या ताब्यात आहे, ग्रामपंचायत की जिल्हा परिषद, ते कागदावर बघा, भूमी अभिलेखकडून मोजणी करून पूर्ण भरल्यावरच्या पाणरेषेवर दगड रोवून घ्या, आणि ग्रामसभेत ठराव करा. सरपंचांना निधी खर्चायचाच आहे, तर हीच कामं पुढे करा: वळण गटार, मोजणी, तुडूम, विसर्जनासाठी तळ्याबाहेर वेगळं टाकं, पाळीवरचा ट्रॅक. उद्घाटनाची फीत कापायला ट्रॅक पुरतो.

पाखरांची घाई करू नका. पाणी थोडं सुधारलं की टिबुकली आणि वारकरी ही पाणपाखरं आधी येतात. तरंगती पानं आली की कमळपक्षी. नकटा आणि काणूक जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात, तेव्हा काठावरचा एखादा जुना, पोकळ झालेला वृक्ष 'धोकादायक' म्हणून तोडला जात असेल तर आडवे पडा. दर महिन्याच्या एकाच रविवारी, एकाच वेळी, एकाच जागेवरून मोजा. जानेवारीतली मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेला द्या, ती १९८७पासून चालू आहे.

आणि या आठवड्यात एवढं करा. एक डोंगा आणि फुटांच्या खुणा केलेला बांबू घेऊन तळ्याच्या पन्नास ठिकाणी खोली आणि गाळ मोजा, कागदावर मांडा. वीस सेंटीमीटरची काळी-पांढरी रंगवलेली पत्र्याची चकती दोरीने सोडून कुठे दिसेनाशी होते ते बघा. वीतभरातच हरवली तर वनस्पती लावायची अजून वेळ झालेली नाही. नाल्याने उलट चालत जा आणि कुठल्या घराचा पाइप कुठे सुटतो ते टिपा. आणि एकदा सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी पाळीवर जा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर रात्री पाण्यातला प्राणवायू संपतोय. मग जलपर्णी, रोपं, बेटं सगळं राहू द्या, आधी तो नाला वळवा. हे चार कागद माझ्याकडे पाठवा, पोकलेन कुठे लावायचं आणि कुठे नाही याची खूण नकाशावर करून देतो.